पट्टीचं टोक

पट्टीचं टोक जरासं उचललेलं होतं — काळी, अंगठ्याच्या रुंदीची पट्टी, गोल्फच्या आयर्नच्या रबरी मुठीच्या लगेच खाली, दांड्याभोवती घट्ट गुंडाळलेली, आणि तिचं एवढंसं टोक सुटून वर आलेलं, त्याच्या डिंकाला एक पांढरा धागा चिकटलेला... टॉवेलचा असेल, नाहीतर आधीही कोणीतरी असंच नख लावून पाहिलं असेल, त्याच्या बाहीचा. त्यानंही नख लावलं. आत चकचकीत पोलाद, त्यावर स्टिकरची कड. कड निळी आहे की काळी एवढं दिसायच्या आत दांडे बसवून देणारा फिटर आतल्या खोलीतून बाहेर आला आणि त्यानं हात मागं घेतला.

"अंहं, साहेब," फिटर हसत म्हणाला. "पट्टीला हात नाही लावायचा. आमच्याकडे तेवढा एकच नियम."

नियम! काही लपवायचं असलं की त्याला नियम म्हणायचं. समोर तीन आयर्न उभी केलेली, तिन्ही सात नंबरची, तिन्हींचं डोकं सारखं, मूठ सारखी. फरक फक्त दांड्याच्या ताठपणात. एक ताठ, त्यावर एस लिहिलेलं असणार. एक मध्यम, त्यावर आर. आणि एक मऊ, पटकन वाकणारा, वय झालेल्यांसाठी — त्यावर ए. वय झालेल्यांसाठी म्हणे ए! म्हाताऱ्याला तोंडावर म्हातारा म्हणायला नको म्हणून अक्षरसुद्धा भलतंच घातलेलं. आणि आता त्या अक्षरांवर काळी पट्टी. झाकलेल्यावर आणखी झाकण.

"लोक दांडा घेत नाहीत साहेब, अक्षर घेतात." हे वाक्य फिटरनं येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवलं असणार, कारण म्हणून झाल्यावर तो क्षणभर थांबला, दाद यायला जागा ठेवून. "एस दिसला की छाती पुढं. आर दिसला की तोंड वाकडं. म्हणून मी झाकूनच देतो. तुम्ही मारा. हाताला आवडेल तो तुमचा. मनात शंका ठेवू नका."

शंका ठेवू नका... आणि हे कोणाला, तर ज्याला घरात शंकासुर म्हणतात त्याला. नाव बायकोनं ठेवलेलं, लग्नानंतर लगेचच, आणि मुलीनं बोलायला लागल्याबरोबर उचललेलं. पण शंका हा त्याचा स्वभाव नव्हता, धंदा होता. तो लिफ्ट तपासणारा. आयुष्यभर इमारतींच्या गच्च्यांवरच्या ग्रीसनं माखलेल्या खोल्यांत वाकून, बॅटरीच्या उजेडात, तारेचा दोर चिंधीतून सरकवत तुटलेले पीळ शोधायचे. वर नवी कोरी पितळी पाटी आणि खाली जुनाच, आतून गंजलेला दोर — असं त्यानं कितीदा पाहिलं होतं. आणि शेजारी इमारतीचा व्यवस्थापक, हात चोळत: "काळजी करू नका साहेब, परवाच बदललाय." अगदी नोकरीच्या सुरुवातीला एका वरिष्ठानं त्याला शिकवलं होतं, पाटी वाचू नकोस, माणूस वाच, जिथं माणूस गोड बोलायला लागतो तिथं दोर हातात घे. ते त्याच्या हाडात मुरलं. आणि आता, भोवळ आल्यापासून, घरात, मैदानावर, फोनवर, जो तो गोड बोलत होता.

भोवळ आली तीही अशाच एका गच्चीवर. काही नाही, सकाळपासून पोटात अन्न नव्हतं आणि वरचा पत्रा तापलेला. पण व्यवस्थापकानं आरडाओरडा केला, रुग्णवाहिका आली, घरचे आले, आणि मग डॉक्टर. डॉक्टरांनी गुडघ्यांवर हातोडी मारली, डोळ्यांत उजेड पाडला, बोट नाकाला लावून दाखवायला सांगितलं, सगळे कागद पाहिले आणि म्हणाले, "काळजी करण्यासारखं काही नाही. थोडी सुट्टी घ्या, खेळा, हिंडा." तो बूट घालून उठला. तेव्हा बायको म्हणाली, "तुम्ही व्हा पुढं, मी आलेच."

आलेच म्हणाली आणि बराच वेळ आली नाही. बाहेरच्या बाकावर बसून मी — हो, मी, ज्यानं आयुष्यात एकाही व्यवस्थापकाला यंत्राच्या खोलीचं दार बंद ठेवू दिलं नाही — दाराखालच्या फटीतून तिच्या चपला बघत बसलो. त्या हलत नव्हत्या. मग ती बाहेर आली, माझा दंड धरला आणि म्हणाली, "चला, आज बाहेरच जेवू." इतक्या वर्षांच्या संसारात ती आपणहून कधी बाहेर जेवू म्हणाली नव्हती. कुठंतरी पाणी मुरत होतं.

मग मेहुणा. बायकोचा धाकटा भाऊ, रविवारी दोघं एकत्र खेळायचे. हा प्राणी असा, की होलपासून वीतभर अंतरावर थांबलेला चेंडूसुद्धा "मारा भावोजी, नियम म्हणजे नियम" म्हणून मारायला लावणार, आणि चुकलाच तर घरी पोचायच्या आत बहिणीला फोन करून सांगणार. तोच मेहुणा हल्ली चांगला पाच-सहा पावलांवरचा चेंडू "राहू द्या भावोजी, पडलाच समजा" असं म्हणत स्वतः वाकून उचलतो आणि हातात आणून देतो. पहिल्यांदा त्याला बरं वाटलं होतं. दुसऱ्यांदा घाम फुटला. माणसाला असं कधी सोडून देतात? ... मुलगी, जिला एरवी महिना महिना फोन करायला फुरसत नसते, ती रोज करते, आणि आधी आईशी बोलते, आई आत जाऊन दार लोटून घेते. काय म्हणत होती विचारलं तर, "काही नाही, असंच." आणि मागच्या आठवड्यात बाल्कनीत वाळत घातलेल्या चादरीच्या पलीकडून बायकोचा दबका आवाज त्यानं स्वतःच्या कानांनी ऐकला होता: "नाही गं. त्यांना इतक्यात कळू द्यायचं नाही."

यात आता समजायचं काय राहिलं? डॉक्टरांनी तिला सांगितलंय, मला नाही. डोक्यात काहीतरी असेल, नाहीतर एखादी नस... डाव्या हाताची पकड मधूनच सैल होते, ते तर मला दिसतंच आहे. जुन्या एस दांड्यानं मारलेला चेंडू वर्षभर उजवीकडं कलतोय, अलीकडंच पडतोय, तळव्यांना झिणझिण्या येतायत. मेहुण्यालाही ते दिसत असणार. आणि दांडे बदलायचं काढलं कोणी? बायकोनं! जी गोल्फला चेंडूमागं चालत जायचा धंदा म्हणते, तिनं. "बदला बाई एकदाचे ते दांडे. उद्याच जाऊ. मी सोडते तुम्हाला."

म्हणून आज त्याला नुसता दांडा निवडायचा नव्हता, खरं काय ते काढून घ्यायचं होतं. कागद गप्प बसतात, डॉक्टर गप्प बसतात, पण चेंडू मारताना अंगाला खोटं बोलता येत नाही. ताठ दांडा पेलला तर मी ठीक आहे. नाही पेलला, मऊच लागला, तर ते जे काही लपवतायत ते खरं आहे.

आणि त्यांनाही हे माहीत आहे, हा त्याचा सकाळपासूनचा संशय. सकाळी तिनं चहा घेतला नव्हता, "नको वाटतोय" म्हणाली. एवढ्या उन्हाचा लांब बाह्यांचा शर्ट. भोवळीपासून गाडी तीच चालवते. तो मनाशी रस्ता जुळवत बसला होता, कोपरा आला की डावीकडं घे म्हणून सांगायचं, तर तिनं न विचारता वळवली. गल्लीत टायरचं दुकान, मग हे वर्कशॉप, समोर एक पांढरी चारमजली इमारत, तळाला चष्म्याचं दुकान आणि वर कुठलीशी प्रयोगशाळा... इमारत दिसली की त्याच्या मनात आधी लिफ्ट येते, हिची कोण तपासतं कोण जाणे... तिनं गाडी नेमकी त्या इमारतीच्या सावलीत लावली, जणू रोजची जागा. "तुम्ही जा आत. मी बसते इथंच." इथं कधीही न आलेल्या बाईला वळण माहीत, सावली माहीत. म्हणजे येऊन गेलेली आहे. फिटरला भेटून, सांगून गेलेली आहे: यांना मऊच द्या, फक्त ताठ म्हणून द्या.

"मारा साहेब," फिटर म्हणाला.

वर्कशॉपच्या मागं मोकळं मैदान होतं, हिरव्या चटईवर चेंडू मांडून ठेवलेले. पहिल्या दांड्यात जीवच नव्हता. डोकं कुठंतरी मागं राहून सावकाश येतंय असं वाटायचं, चेंडू उंच उडाला आणि डावीकडं जाऊन पडला. दुसरा बरा, पण नुसता बरा — चांगलं म्हणावं तर नाही, वाईट म्हणावं तर तेही नाही, समारंभात शेजारी बसलेल्या अनोळखी माणसासारखा. तिसऱ्याची पट्टी तीच, टोक उचललेली. हातात घेतल्यावर हलका वाटला, एवढंच. मग काही जाणवलंच नाही. मागं नेला, खाली आणला, आणि तो आवाज आला... तो कोरडा, भरीव, छोटा आवाज, जो त्यानं वर्षभर ऐकला नव्हता. चेंडू लांब रोवलेल्या अंतराच्या पाटीच्या डोक्यावरून सरळ गेला. तळव्यांना काही झालं नाही. तो मोठ्यानं हसला, एकटाच.

आणि हसता हसताच थांबला. हलका आहे. हलका म्हणजे मऊ. हाताला आवडावा म्हणूनच तर ठेवलेला, आणि हात लगेच भुलला, लाचार! त्यानं वळून वर्कशॉपच्या काचांतून पलीकडं रस्त्यावर पाहिलं. गाडी सावलीत उभी होती आणि गाडीत कोणी नव्हतं.

त्यानं आणखी मारले. एक जरा घसरला, बाकीचे तसेच, सरळ. प्रत्येक चांगल्या टोल्यागणिक त्याचा संशय वाढत गेला, कारण इतकं चांगलं आपोआप कधी होत नाही. इतकं चांगलं कोणीतरी करून ठेवलेलं असतं.

"हाच ना? नक्की?" फिटरनं विचारलं.

"पट्टी काढा."

फिटरची नजर त्याच्या खांद्यावरून मागं गेली. तो गर्रकन वळला. दारात बायको उभी होती, पर्स पोटाशी धरून, एक हात कोपरात दुमडलेला. तिनं मान हलवली — फिटरला? — की नुसतं उन्हातून सावलीत आल्यामुळं डोळे मिचकावले?

"कुठं गेली होतीस?"

"इथंच. बसून बसून पाय आखडले."

फिटरनं पट्टी सोलून काढली. खाली निळ्या कडेचं स्टिकर. एस.

"बघा! म्हणजे तुमचंच अक्षर," फिटरला त्याच्यापेक्षा जास्त आनंद झाला. "तुमचा जुना दांडा ताठ आहे म्हणून त्रास देत नव्हता साहेब, जड आहे म्हणून देत होता. हा तेवढाच ताठ, वजनाला मात्र कमी. हात दमत नाही, म्हणून चेंडू पळतो. एवढीच भानगड."

एवढीच भानगड. आनंद व्हायला हवा होता, अगदी उडी मारण्याइतका, आणि त्याच्या डोळ्यांसमोर मात्र ती कोरी पितळी पाटी आली. किती सोपं आहे! मऊ दांडा घ्यायचा, त्यावर एसचं स्टिकर लावायचं, वर काळी पट्टी. म्हाताऱ्यानं आपल्याच हातानं निवडावा आणि आपणच खूष होऊन घरी जावं.

"त्या दोघांच्याही पट्ट्या काढा," तो म्हणाला.

"त्या कशाला आता?" फिटरनं दोन्ही आयर्न पिंपात टाकून दिली, बाकीच्या पन्नास दांड्यांत. "नापास झालेल्यांचं नाव कशाला विचारायचं साहेब?"

"बसेल ना त्यांना नीट?" बायकोनं हळूच विचारलं.

"काळजी करू नका वहिनी."

झालं! तेच शब्द, व्यवस्थापकांचे, डॉक्टरांचे. त्यानं दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं. फिटर पट्टीची गोळी करून बोटाला चिकटलेली झटकत होता, बायको खाली चटईकडं पाहत होती. "हा आजचा दिवस घरी घेऊन जा," फिटर म्हणाला. "उद्या फोन करा. तुम्ही हो म्हटलंत की तुमच्या सगळ्या आयर्नना हेच दांडे बसवतो."

गाडीत तो आयर्न दोन गुडघ्यांच्या मधे उभं धरून बसला. कोपरा जवळ आला तसं त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुला ही गल्ली कशी गं माहीत?"

"पाटी आहे की कोपऱ्यावर."

त्यानं मान वळवून पाहिलं. पाटी होती खरी, पण या बाजूनं फक्त तिची पाठ दिसत होती, राखाडी पत्रा आणि दोन नट. कशाची पाटी, वर्कशॉपची की आणखी कशाची, काही कळायला मार्ग नाही. सिग्नलला तिनं पर्समधून बिस्किटांचा पुडा काढला आणि एकामागून एक तीन-चार खाल्ली, घाईघाईनं, लहान मुलासारखी. "भूक लागली हो," ती म्हणाली.

मग हसली. "आता काय राहिलं, शंकासुर? एस आला ना मनासारखा?"

"मला एसच हवा होता हे तुला कोणी सांगितलं?"

"अगंबाई! घरात दुसरं बोलता काय तुम्ही? मोडेन पण वाकणार नाही. दांडा पण तसलाच आणि मालक पण तसलाच."

ती आणखी हसणार असं वाटलं, पण तिचं हसू मधेच संपलं आणि ती समोर बघून गाडी चालवत राहिली. सिग्नल हिरवा झाला होता.

दुपारी मुलीचा फोन आला. "बाबा, कसे आहात? मस्त ना? आई कुठंय, तिला द्या ना जरा." जरा म्हणजे बराच वेळ, आणि दार लोटून. आज मात्र तो दाराकडं गेला नाही. आज त्याला कोणाच्या तोंडून काही नको होतं. तो बाल्कनीतल्या हत्यारांच्या पेटीत खुडबुड करत होता आणि क्लॅम्प सापडत नव्हते, तोच बायको फोन ठेवून बाहेर आली. "टेबलाखाली काय आहे ते? काखेत कळसा आणि गावाला वळसा. आणि टेबलाला ओरखडे पाडू नका." एवढं बोलून ती स्वयंपाकघरात गेली. तिचे डोळे जरा लाल होते... की पंख्याखाली बसली होती म्हणून?

त्यानं जेवणाच्या टेबलाच्या कडेला जुनं सात नंबरचं आयर्न आणि हे नवं अशी दोन्ही शेजारी शेजारी ठेवली, मुठींवर फळी टाकली, फळी क्लॅम्पनं आवळली. दोन्ही दांडे टेबलाबाहेर हवेत, टोकाला दोन सारखी डोकी. यात स्टिकर नाही, फिटर नाही, वहिनी नाही. डोकं दाबून सोडलं की दांडा वरखाली हलतो; मऊ असेल तर सावकाश, ताठ असेल तर भरभर. जुना तर एस होताच, त्याबद्दल वाद नव्हता, तो बसवताना त्यानं स्वतः दुकानदाराचं डोकं खाल्लं होतं. नवा मऊ असेल तर चार हेलकाव्यांत मागं पडेल, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन तो एवढंच म्हणणार होता: आता सांग. काय झालंय मला, सांग.

दोन्ही डोकी त्यानं एकाच बोटाच्या अंतरानं खाली दाबली. सोडली.

दोन्ही वर गेली, खाली आली, वर गेली, खाली आली... बरोबर, एकमेकांच्या पावलाला पाऊल लावून. तो पाहत राहिला. हेलकावे बारीक होत गेले, पण कोणी मागं पडलं नाही. त्यानं दोन्हींच्या जागा बदलल्या, कदाचित फळीचा दोष असेल. फळी उलटी केली. पुन्हा दाबून सोडली. जुना आणि नवा, बरोबर.

एस एसच होता.

म्हणजे फिटर खरा. त्याचं ते बडबडणं, ते दाद मागत थांबणं, सगळं खरं, नुसता जडपणा काढून टाकला आणि चेंडू पळाला. म्हणजे... म्हणजे हात माझे ठीक आहेत. मी ताठ दांडा पेलला! मला काही झालेलं नाही, डॉक्टर म्हणाले तेच, पोटात अन्न नव्हतं आणि पत्रा तापला होता. त्यानं टेबलावर जोरात थाप मारली. डोळ्यांत पाणी आलं, त्याचं त्यालाच हसू आलं. इतके दिवस रात्री कूस बदलताना डावी मूठ मिटून, उघडून, पुन्हा मिटून पाहत होता, त्या सगळ्याचं आता काय करायचं? आधी तिला सांगायचं. शंकासुर हरला म्हणून सांगायचं, वाटेल तेवढं हसू दे तिला.

तो स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आला आणि तिथंच त्याला चादरीपलीकडचं ते वाक्य आठवलं. त्यांना इतक्यात कळू द्यायचं नाही.

पण कळू द्यायचं नाही असं काही नव्हतंच की. मी तर ठीक आहे. मग काय कळू द्यायचं नाही?

ती बेसिनपाशी भांडी विसळत होती, त्याच्याकडं पाठ करून. लांब बाह्या कोपराच्या वर सारलेल्या. ताट ठेवायला तिनं डावा हात लांब केला तेव्हा दिसली — कोपराच्या खळग्यात, जिथं शीर वर येते तिथं, कापसाच्या बोळ्यावर चिकटवलेली लहानशी पांढरी पट्टी. पाण्यानं तिचं एक टोक सुटून उचललं गेलं होतं.

सकाळचा न घेतलेला चहा. पांढऱ्या इमारतीची सावली आणि वरची ती प्रयोगशाळा, जिच्या लिफ्टचा मी विचार करत होतो, फक्त लिफ्टचा... रिकामी गाडी, दुमडलेला हात, बिस्किटं. आणि डॉक्टरांच्या दाराखाली न हलणाऱ्या चपला — ती माझ्याबद्दल विचारायला थांबली नव्हती. मेहुणा चेंडू उचलून देत होता तो मी खेळू शकत नाही म्हणून नव्हे, तो तिचा भाऊ आहे म्हणून. तो जे जाणतो ते मला माहीत नाही म्हणून. मुलगी आधी आईशी बोलते. अर्थात आधी आईशी. आणि मी काय केलं? प्रत्येक पट्टीखाली स्वतःचंच अक्षर शोधत बसलो. ती चहा घेत नाही हे पाहिलं आणि त्याचाही अर्थ माझ्यावर आणून ठेवला. शेजारी झोपणारं माणूस, त्याच्याकडं मी एकदा बॅटरी धरून पाहिलं नाही.

नाही, थांब. एका पट्टीवरून एवढं? लोक रक्त तपासून घेतात, साखर बघतात, वय झालं की बघतातच. त्याला आयुष्यात पहिल्यांदा व्यवस्थापकाची बाजू घ्यावीशी वाटली. परवाच बदललाय साहेब. काळजी करू नका.

"काय हो?" तिनं मान वळवून विचारलं. "लागला का निकाल?"

"लागला." आवाज त्याला स्वतःला परका वाटला. "एस आहे. खरा."

"मग? म्हणत नव्हते मी?" ती हसली, आणि हसता हसता तिनं त्याची नजर कुठं आहे ते पाहिलं. ओल्या हातानं बाही खाली ओढली. "गाडीच्या दाराला खरचटलं जरा."

कोपराच्या आतल्या बाजूला, दाराला. असल्या उत्तरावर त्यानं पूर्वी लिफ्ट बंद पाडल्या होत्या, इमारतीतल्या लोकांच्या शिव्या खात, जिन्यांनी खाली उतरून. "बरं," तो म्हणाला.

खुंटीवरचा पंचा त्यानं काढून घेतला आणि तिच्या शेजारी उभा राहून ताटं पुसायला लागला. एक ताट, मग दुसरं, कडेकडेनं, सावकाश. बाहेर टेबलावर दोन्ही दांडे फळीखाली आवळलेले होते, आता स्थिर असतील. असं होऊ दे, त्याच्या मनात येत होतं, की फळीचाच दोष निघू दे. स्टिकर खोटंच असू दे. सगळे मिळून मलाच फसवत असू देत, मीच आजारी असू दे, ती सगळी कुजबुज माझीच असू दे, मी उद्या फिटरला फोन करून म्हणतो, घाल बाबा मऊ दांडे, ए घाल, त्यावर काय वाटेल ते अक्षर लिही... एवढ्या आशेनं त्यानं आजवर कुठल्याच शंकेकडं पाहिलं नव्हतं.

ती हात थांबवून त्याच्याकडं बघत होती. नळ चालू होता.

"आज भांडी पुसताय?" ती म्हणाली, आणि त्या आवाजाचा पीळ त्याला ओळखीचा वाटला, कारण तो त्याचा स्वतःचा होता. "इतक्या वर्षांत कधी नाही ते. काय हो... तुम्हाला कोणी काही बोललंय का?"

"मला? छे. कोण बोलणार?"

"मग एवढे गोड का झालात?"

"काही नाही गं. काळजी करू नकोस."

शब्द तोंडातून गेले आणि त्यानं ते ऐकले. तिनंही ऐकले असणार. तिनं पुढचं ताट त्याच्या हातात दिलं. ओल्या बाहीतून ते टोक दिसत होतं, कापडाखाली एवढासा उंचवटा. त्याचा अंगठा ताटाच्या कडेवर थांबला. आयुष्यभर जे सुटलेलं टोक दिसलं ते उचलून पाहायची त्याला सवय होती, आणि आता त्याच्या अंगठ्याला एकच हवं होतं — ते टोक हळूच खाली दाबून, पुन्हा नीट चिकटवून टाकावं.